नाव सांगायची लाज

‘चांगल्या मालाला जाहिरात लागत नाही’ हे वाक्य आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात एखाद्या सुभाषितासारखे उच्चारले जाते. पंगतीत, पानठेल्यावर, बाजाराच्या दिवशी एसटीची किंवा जीपची वाट पाहताना, कुठेही. म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक सात्त्विक समाधान पसरते आणि ऐकणारे माना डोलावतात. गेली तीस वर्षे मी हे मान डोलावणे पाहतो आहे, आणि आज या अंकाच्या पानांवरून स्पष्ट सांगतो की हे वाक्य खोटे आहे. नुसते खोटे नाही, घातकही आहे. ते कुणा कारागिराने रचलेले नसावे. कारागिराकडून माल उचलून पुढे विकणाऱ्याने ते रचले आणि कारागिराच्या तोंडी बसवले, असाच माझा तर्क आहे. कारण या वाक्यावर विश्वास ठेवून ज्याचे नुकसान होते तो कारागीर, आणि ज्याचा फायदा होतो तो मधला माणूस.

मी मोठ्या कारखानदारांविषयी बोलत नाही. त्यांना सल्ला देणारे पुष्कळ आहेत. मी बोलतो आहे हात आणि डोके दोन्ही लावून काही घडवणाऱ्या आणि तेच विकून घर चालवणाऱ्या माणसाविषयी. मागावर बसणारा विणकर, पोळ्यासाठी लाकडी बैल घडवणारा सुतार, गणपती-दुर्गेच्या मूर्ती करणारा कुंभार, दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर, घरच्या शिलाई मशीनवर नवनव्या नमुन्यांचे परकर-पोलके शिवणारी बाई. यांना कोणी ‘कलावंत’ म्हणत नाही, कारण ते पैसे घेतात. कोणी ‘व्यापारी’ही म्हणत नाही, कारण पैसे फार थोडे मिळतात. या दोन पाट्यांच्या मध्ये ते भरडले जातात, आणि वरून आपण त्यांना शिकवतो की बाबा, गप्प बस, तुझा मालच बोलेल.

माल बोलत नसतो. माल मुका असतो. त्याच्यासाठी कोणीतरी बोलावे लागते. तुम्ही बोलला नाहीत तर दुसरा बोलतो, आणि दुसरा बोलतो तेव्हा स्वतःचे नाव सांगतो.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण आमच्या गावात दरवर्षी एकाच दिवशी पाहायला मिळते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, घरोघरची पोरे लाकडी बैल सजवून तान्हा पोळा भरवतात आणि दारोदार बोजारा मागतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला हा सण विदर्भात आणि आमच्या भागात सारख्याच हौसेने होतो. सातपुड्याच्या सागवानातून घडवलेला, वशिंड, शिंगे आणि खूर यांचे नेमके प्रमाण साधलेला तो बैल म्हणजे लाकडातले शिल्पच. आणि त्याच दिवशी, त्याच गावात, जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव या दोन काठांमध्ये गोटमार होते. कॅमेरे कुठे येतात? वर्तमानपत्रांची पाने कशाने भरतात? दिल्ली-भोपाळपर्यंत पांढुर्ण्याचे नाव ज्याला ठाऊक आहे, त्याला ते दगडांमुळे ठाऊक आहे. गोटमारीने कोणाला जाहिरात करायला सांगितले नव्हते. तिची झाली. लाकडी बैलाची झाली नाही, कारण ती करायला हवी होती आणि कोणी केली नाही.

मराठी भाषा या बाबतीत मोठी शहाणी आहे. नाव सांगणे, नाव घेणे, नाव काढणे, नाव कमावणे, नाव ठेवणे, असे हे वाक्प्रचार एकाच घरातले आहेत. जो आपले नाव आपण सांगत नाही, त्याला लोक नावे ठेवतात. माणसाला लागू आहे तेच गावालाही.

बैल घडवणाऱ्या एका वयस्क सुताराला मी एकदा म्हटले, “बैलाच्या पोटाखाली आपलं नाव, गाव का कोरत नाही?” तो हसला. म्हणाला, “गुरुजी, पोटाखाली कोन पाहते? अन् आपलं नाव आपणच लिवाचं म्हणजे चांगलं दिसते काय? मोठेपणा वाटते तो.” त्याचे बैल एक व्यापारी ठोक भावाने उचलतो आणि नागपूरच्या बाजारात मांडतो. तिथला घेणारा विचारतो, “कुठले हो हे?” व्यापारी सांगतो, “आपलेच.” यात व्यापारी खोटे बोलला असे मला वाटत नाही. ज्या वस्तूवर कोणाचेच नाव नाही, ती विकणाऱ्याचीच होते.

आता मोठेपणाचा मुद्दा. आमच्याकडे असे बोलणे निघाले की लगेच संतांना पुढे केले जाते. आपली परंपरा विनयाची, मीपणा सोडण्याची, संतांनी कुठे स्वतःची जाहिरात केली, वगैरे. ज्यांनी गाथा उघडूनही पाहिली नाही तेच हा युक्तिवाद मोठ्याने करतात. अहो, मराठी संतांइतके आपल्या कामावर नेमाने नाव घालणारे कारागीर तुम्हाला दुसरीकडे सापडणार नाहीत. तुकोबांचा अभंग तुकोबांच्या नावाशिवाय संपत नाही. नामदेवांचे, चोखोबांचे, एकनाथांचे तसेच. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी जनाबाईसुद्धा आपल्या रचनेत आपली मुद्रा घालते. ज्या काळात दासीला नाव असते हेच कोणी मानत नव्हते, त्या काळात. हा अहंकार होता काय? मुळीच नाही. हे माझ्या हातून झाले आहे, याच्या बऱ्यावाइटाला मी जबाबदार आहे, एवढेच ती मुद्रा सांगते. आणि तिची गरज काय होती, हे तुकोबांच्या चरित्रातली सालोमालोची कथा सांगते. तुकोबांचे अभंग घेऊन त्यांत स्वतःचे नाव घालून तो कीर्तनात म्हणत असे. म्हणजे नाव असूनही चोरी झाली. ज्यावर नावच नाही, त्याचे काय होत असेल?

तेव्हा विनय आणि मौन यांची गल्लत करू नका. ‘माझ्यासारखा दुसरा नाही’ असे म्हणणे हा गर्व. ‘हे मी केले आहे, असे केले आहे, याची किंमत इतकी आहे’ असे म्हणणे हा कामाचाच शेवटचा भाग आहे. विणकराने साडी विणून काठ सोडून द्यावा, तसे ते सांगायचे सोडून देणे आहे.

काठाचा विषय निघाला म्हणून सांगतो. सौंसर तालुक्यात बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडचा मोठा कारखाना आहे. आमच्या भागातल्या कितीतरी घरांची चूल तिथल्या नोकरीवर पेटते, आणि त्याचे मला कौतुकच आहे. पण तुम्ही कधी सुटाचे कापड घेतले असेल, तर त्याच्या काठाकडे पाहिले असेल. गिरणीचे नाव त्या काठावर वारभर अंतराने पुन्हा पुन्हा येते. शिंपी तो काठ कापून टाकतो, तरीही गिरणी नाव घालायचे सोडत नाही. आणि इथेच कोष्ट्याच्या घरात, दोन-दोन पिढ्यांनी खपून बसवलेला काठ असलेले लुगडे मागावरून उतरते, त्याच्यावर एक अक्षर नसते. त्या घरातला मुलगा कारखान्यात दुसऱ्याचे नाव असलेले कापड सांभाळतो आणि बापाच्या कापडाला नाव नाही म्हणून त्याला भाव नाही. जगातली इतकी मोठी गिरणी, जिला सगळे ओळखतात, ती रोज नाव सांगते. आणि ज्याला गल्लीबाहेर कोणी ओळखत नाही तो म्हणतो, मला सांगायची गरज नाही!

मध्य प्रदेशातल्या हातमागाची गोष्ट निघते तेव्हा चंदेरी, महेश्वर, वारासिवनी यांच्या जोडीला सौंसरचेही नाव जाणकार घेतात. पण जाणकारच घेतात. चंदेरीला 2005 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बालाघाट जिल्ह्यातल्या वारासिवनीच्या साडीला 2023 मध्ये मिळाले. महेश्वरचे तर विचारूच नका. आणि महेश्वर हे उदाहरण परक्याचे नाही, ते आपल्याच माणसाचे आहे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी नर्मदेकाठी विणकर आणून वसवले. दरबारात येणाऱ्या पाहुण्यांना तिथली वस्त्रे आहेर म्हणून दिली जात, असे सांगतात. विचार करा, पाहुणा आपापल्या संस्थानात परतला की ते वस्त्र कुठले हे सांगितल्याशिवाय राहील काय? जाहिरातीसाठी छदाम न खर्चता महेश्वरचे नाव घरोघर पोचले. पुढे माग थंडावले, तेव्हा 1970 च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्याच मंडळींनी रेहवा सोसायटी काढून विणकर स्त्रियांना पुन्हा उभे केले. मराठी मुलखाबाहेर राहून, मध्य प्रदेशात राहून, मराठी माणसाने एका गावाच्या नावाचे वस्त्र देशभर नेले. मग ‘आम्ही सीमेवरचे, आमचे कोण ऐकतो’ हे रडगाणे आपण कोणत्या तोंडाने गातो?

सीमेवरच्या माणसाची अडचण मी नाकारत नाही. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत नागपूर ही आमची राजधानी होती. त्या दिवशी राजधानी एका राज्यात गेली आणि आम्ही दुसऱ्यात राहिलो. भोपाळला आम्ही मराठी, मुंबईला आम्ही हिंदी. भोपाळच्या प्रदर्शनात आमची आठवण शेवटी होते, पुण्याच्या प्रदर्शनात होतच नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. पण जिल्ह्याची पाटी लागली म्हणून मालाला पाटी लागत नाही. आमच्या संत्र्याचेच पाहा ना. आमच्या दोन्ही तालुक्यांत बागाच बागा. शेतकरी बहार झाडावरच व्यापाऱ्याला देतो आणि मोकळा होतो. पेटी भरली गेली, गाडी निघाली, की संत्रे नागपूरचे झाले. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये मानांकन मिळाले, त्याचा आनंद आहे. पण खत आमचे, पाणी आमचे, डिंक्या रोगाची काळजी आमची, आणि नाव शेजाऱ्याचे, ही सवय आम्ही संत्र्यापासून लावून घेतली आणि मग ती बैलाला, लुगड्याला, मूर्तीला, सगळ्याला लागली.

उलट मी असे म्हणेन की ज्याचे नाव कोणतेही राज्य आपण होऊन घेणार नाही, त्याने तर ते दुप्पट सांगितले पाहिजे. सांगायलाही आपल्याजवळ दोन भाषा आहेत. नागपूरच्या गिऱ्हाइकाशी मराठीत, छिंदवाडा-बैतूलच्या गिऱ्हाइकाशी हिंदीत, दोन्हीकडे घरच्यासारखे बोलू शकणारा कारागीर पुण्यातही नाही आणि भोपाळमध्येही नाही. तो इथे आहे. पण तो बोलत नाही.

‘सांगायचे म्हणजे काय करायचे?’ असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर मी दुसऱ्या एका सीमाभागातून देतो. बेळगावात सायकलींचे दुकान चालवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर केला. शेतकऱ्यांची समजूत अशी की लोखंडाने जमीन विटाळते, विषारी होते. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. नांगर चांगलाच होता. ‘चांगल्या मालाला जाहिरात लागत नाही’ हे खरे असते तर तो दुसऱ्या दिवशी खपला असता! पुढे 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे एक लहानसे पत्रक सुरू केले. हेतू एवढाच, की कारखान्याची बातमी दुकानदार आणि गिऱ्हाइकांपर्यंत जावी. पण शंकरराव स्वतः चित्रकार आणि लेखक. त्यांनी ओळखले की नुसते ‘आमचा नांगर घ्या’ असे महिन्याच्या महिन्याला ओरडून कोणी वाचणार नाही. वाचणाऱ्याला काही मिळाले पाहिजे. म्हणून खबरेत माहिती आली, चित्रे आली, लेख आले, कथा आल्या, आणि त्या पत्रकाचे महाराष्ट्रातले एक नामांकित मासिक झाले. ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही भावंडे त्याच घरात पुढे जन्मली. ज्या ‘किर्लोस्कर’ मासिकाचे आपण साहित्यप्रेमी इतके गोडवे गातो, ते मुळात नांगराच्या जाहिरातीचे लेकरू आहे, हे विसरू नका.

यातला धडा साधा आहे. आधी द्या, मग मागा. सुताराने बैल विकताना सांगावे की हे लाकूड कोणते, रंग कोणता, पोराने तोंडात घातला तर चालेल की नाही, शिंग मोडले तर कुठे आणायचे. विणकराने सांगावे की हे लुगडे पहिल्यांदा कसे धुवायचे, उन्हात का वाळवायचे नाही. गिऱ्हाइकाला ही माहिती हवी असते, आणि ती देता देता नाव आपोआप सांगितले जाते. एक वही ठेवा. कोणी काय नेले, कधी नेले, कुठून आला होता, हे लिहा. पूर्वी पोस्टकार्ड होते, आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. पोळ्याच्या महिनाभर आधी, लग्नसराईच्या आधी, मागच्या वर्षीच्या गिऱ्हाइकाला दोन ओळी पाठवायला काय लागते? बिलबुक छापून घ्या. आणि किंमत सांगताना खाली पाहू नका. ‘तुम्ही समजून द्या’ हे वाक्य ज्या दिवशी तोंडातून जाईल, त्या दिवशी अर्धी लढाई जिंकली.

सरकारी कागदही अगदीच नाहीत असे नाही. हातमागाच्या कापडासाठी ‘हँडलूम मार्क’ 2006 पासून आहे. हस्तकलेच्या कारागिरांना ‘पहचान’ नावाचे ओळखपत्र मिळते. सप्टेंबर 2023 पासून विश्वकर्मा योजना आहे, तिच्यात सुतार आणि कुंभार दोघेही येतात. पण कितीजणांनी ते ओळखपत्र दुकानात दिसेल असे लावले आहे? पहचान नावाचे कार्ड पेटीत कुलूप लावून ठेवणारे आपण लोक!

दुसरी गोष्ट ओळखीची. ‘ओळखी वाढवा’ म्हटले की आमच्या माणसाला वशिला आठवतो. आमदाराची चिठ्ठी, साहेबाच्या घरी संत्र्याची पेटी. मी त्या ओळखीबद्दल बोलत नाही. ती वरच्याशी असते आणि ती वाकायला शिकवते. मी बोलतो आहे ती शेजारच्याशी असलेली ओळख. एकाच गल्लीत सुतार आहे, पेंटर आहे, शिंपी आहे. सुताराकडे आलेल्या गिऱ्हाइकाला तो कधी म्हणत नाही की बैल रंगवायचा असेल तर समोरच्याकडे जा, झूल शिवायची असेल तर पलीकडच्या ताईंकडे जा. उलट, ‘तो काय रंगवते, त्याले काय समजते’ असे मात्र आवर्जून सांगतो. एकमेकांचे गिऱ्हाईक तोडण्यात आपण जितकी बुद्धी घालवतो, तिच्या चौथाईत तिघांचेही दुकान चालले असते.

याच राज्यातले जनगढसिंह श्याम यांचे उदाहरण घ्या. पूर्वीच्या मंडला, आताच्या दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटणगढ गावचा हा परधान गोंड तरुण घराच्या भिंतीवर चित्रे काढत असे. भोपाळला 1982 मध्ये भारत भवन सुरू झाले. त्याची तयारी चालू असताना चित्रकार जे. स्वामिनाथन यांच्या चमूने त्यांना शोधून भोपाळला आणले. इथपर्यंत नशीब म्हणा. पण पुढे जनगढने काय केले? आपल्या नात्यागोत्यातल्या, गावातल्या तरुणांना बोलावून घेतले, हाताशी धरले, रंग दिले, कागद दिला. 2001 मध्ये जपानमध्ये त्यांचा अकाली अंत झाला, पण त्यांनी उभा केलेला गोतावळा थांबला नाही. आज त्या शैलीला ‘जनगढ कलम’ म्हणतात आणि पाटणगढच्या घराघरांत चित्रकार आहेत. गोंड चित्रकलेला 2023 मध्ये मानांकन मिळाले. एकट्याने नाव कमावले असते तर ते त्याच्याबरोबर गेले असते. अनेकांना घेऊन कमावले म्हणून ते उरले. ओळख वाढवणे म्हणजे हे. जामसावळीच्या हनुमानाला मंगळवार-शनिवारी केवढी गर्दी लोटते! नागपूरपासूनची माणसे येतात. पाच कारागिरांनी मिळून तिथे एक मांडव घालावा, एकमेकांचा माल एकमेकांनी दाखवावा, एवढेही आमच्या डोक्यात येत नाही. तिथे बाहेरून आलेली प्लॅस्टिकची खेळणी विकली जातात.

आता कोणी म्हणेल, हेडमास्तर आम्हाला ढोल बडवायला सांगतात. नाही. ढोल बडवणाऱ्यांचा तर मला मनस्वी तिटकारा आहे. चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, त्यांवर हात जोडलेले वीस चेहरे असतात, आणि त्यांतल्या एकाने काय केले आहे हे कुठेच लिहिलेले नसते. ती जाहिरात आहे, पण कशाची? एका संस्थेने आमच्या ओळखीच्या मूर्तिकाराला ‘राष्ट्रीय कलारत्न’ की असाच काहीसा पुरस्कार कळवला आणि नोंदणीचे म्हणून काही हजार मागितले. त्याने उसने काढून भरले. घरी एक काचेची ढाल आली. तिला पाहून एकही मूर्ती जास्त खपली नाही. त्याच पैशात त्याला प्रत्येक मूर्तीखाली लावायला नावाचे शिक्के आणि दोन वर्षांची बिलबुके आली असती. फरक ओळखा. नाव सांगणाऱ्याच्या मागे वस्तू असते, ढोल बडवणाऱ्याच्या मागे फक्त ढोल असतो.

आणि आता थोडे आपल्या साहित्यिक बांधवांशी. आपण कविता लिहितो, जाहिरातीला बाजारू म्हणतो, नाक मुरडतो. पण हा दिवाळी अंक हातात घेऊन चाळा. तुमच्या कवितेसमोरच्या पानावर ट्रॅक्टरचे, बी-बियाण्याचे, कापड दुकानाचे, पतसंस्थेचे पान आहे. त्या पानाने तुमच्या पानाचे पैसे भरले आहेत. का. र. मित्रांनी 1909 मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा शंभर वर्षांहून अधिक काळ चालली, ती नुसत्या प्रतिभेवर नव्हे. कुणीतरी सायकलवर फिरून जाहिराती गोळा केल्या म्हणून चालली. तेव्हा या अंकात लिहिणाऱ्याने तरी कारागिराला ‘जाहिरात हलकी असते’ असे सांगू नये. ते फार स्वस्तातले सोवळेपण होईल.

हे सगळे मी इतक्या तिडिकेने का लिहितो आहे? त्याचे कारण माझ्या शाळेत आहे. नववीच्या वर्गाला मी ‘माझ्या वडिलांचे काम’ असा निबंध दिला. शेतकऱ्यांच्या मुलांनी लिहिले, नोकरदारांच्या मुलांनी लिहिले. एका मुलाने चार ओळी लिहिल्या होत्या, आणि पहिली होती, ‘माझे वडील मजुरी करतात.’ मला त्याचे घर ठाऊक होते. त्याचे वडील मजुरी करत नाहीत. ते असा बैल घडवतात की त्याच्या मानेची कमान पाहून खरा बैलही क्षणभर थबकावा. मी मुलाला जवळ बोलावून विचारले, “असं का लिहिलंस रे?” तो खाली मान घालून म्हणाला, “सर, त्यायच्या कामाले काई नाव नाई ना.”

नाव नाही. घरात ज्या कामाचे नाव बाप कधी उच्चारत नाही, ते काम पोराला मजुरी वाटते. मग तो बारावी होतो, बुटीबोरीला किंवा बोरगावला जातो, बारा तासांची पाळी करतो. त्याबद्दल त्याला दोष कोण देणार? पण बाप गेला की हत्यारे भंगारात जातात, आणि एक पूर्ण विद्या गावातून उठते. ती बाजाराने मारली असे आपण म्हणतो. अर्धी तरी आपल्या लाजेने मारलेली असते.

म्हणून नुसता उपदेश करून मी थांबत नाही. या अंकाच्या संपादकांना माझी जाहीर मागणी आहे. पुढच्या वर्षीच्या अंकात चार पाने आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या कारागिरांसाठी फुकट ठेवा. कवींची चार पाने कमी झाली तर मराठी साहित्याचे फार नुकसान होणार नाही. त्या पानांवर नाव, गाव, काय घडवतो, किंमत काय आणि भेटायचे कुठे, एवढेच छापा. मजकूर गोळा करायचे काम माझ्या शाळेतली मुले करतील. मुलांनी आपापल्या घरी जाऊन बापाला, आईला, आजाला विचारायचे आणि लिहून आणायचे. शुद्धलेखन मी तपासीन.

आणि ज्यांच्या हातात पटाशी आहे त्यांना एवढेच, की पुढच्या पोळ्याचा बैल नागपूरच्या गाडीत चढवण्याआधी उलटा करा आणि पोटाखाली आपले नाव आणि गाव कोरा. कोन पाहते, असे म्हणू नका. नागपूरच्या कुठल्यातरी घरात, बोजारा मागून दमलेले एक पोर तो बैल घेऊन आडवे होईल, त्याला उलटापालटा करील, आणि जे अक्षर दिसेल ते मोठ्याने वाचील.